आधी घर, मग वाट

कबुतर म्हटले की हल्ली आपल्याला 2025 सालचा दादरच्या कबुतरखान्याचा वाद आठवतो. मला आज लिहायचे आहे ते त्याच जातीच्या, पण वेगळ्या शिस्तीत वाढलेल्या पक्ष्याबद्दल. शर्यतीचे कबुतर, म्हणजे होमर. आपल्याकडचे जुने शौकीन ढाबळीत गिरेबाज पाळतात. ते आपल्याच छपराच्या वर उंच जाऊन तासन् तास घिरट्या घालते. होमरचे काम निराळे. त्याला टोपलीत घालून दूर नेतात, तिथे सोडतात, आणि ते घरी येते. हा छंद एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये रुजला आणि पुढे इंग्लंड, हॉलंड, चीनपासून आपल्या चेन्नई-बंगळूरपर्यंत पोचला.

पिल्लाला पहिल्यांदा घरी परतायला शिकवायचे कसे? बहुतेकांना वाटते, त्याला रस्ता दाखवायचा. अहो, आकाशातला रस्ता माणूस काय दाखवणार! शिकवायचे असते ते घर.

पिल्लू सात-आठ दिवसांचे झाले की त्याच्या पायात नंबराचे कडे चढते. महिन्याच्या आतबाहेर ते आईबापांपासून वेगळे होते. मग काही दिवस त्याला जाळीच्या पिंजऱ्यात ढाबळीबाहेर बसवतात, नुसते बघायला. शेजारचे झाड, पलीकडची टाकी, वारा कुठून येतो, सगळे. दाण्याचा डबा खुळखुळला की आत यायचे, हा पहिला धडा. म्हणून दाणा उडून आल्यावरच देतात. पोट भरलेले पिल्लू छपरावरच बसून राहते. मग छपराभोवती घिरट्या सुरू होतात आणि एक दिवस अख्खा थवा तासभर दिसेनासा होऊन परततो. एवढे झाल्यावर टोपली येते. तीही आधी घरातच! रात्रभर टोपलीत झोपायची आणि तिच्यातल्या भांड्यातून पाणी प्यायची सवय झाली, की मग चार-पाच किलोमीटर, मग दहा, वीस, चाळीस. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन, हलका वारा. जिथे पिल्ले गोंधळली, तिथूनच पुन्हा एकदा सोडायची.

ही काही नुसती म्हाताऱ्या शौकिनांची समजूत नाही. इटलीत पिसा येथे फ्लोरियानो पापी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 पासून वाऱ्याबरोबर येणाऱ्या वासांवर प्रयोग केले. त्यांत असे दिसले की वाऱ्यापासून आडोसा करून वाढवलेल्या पिल्लांना पुढे अनोळखी जागेवरून घराची दिशा धरता येत नाही. म्हणजे जाळीत बसून वारा खाणे हा रिकामा वेळ नव्हे, तो अभ्यासच आहे. अमेरिकेत विल्यम कीटन यांनी 1971 साली कबुतरांना छोटी चुंबके बांधली. ढगाळ दिवशी ती पाखरे दिशा चुकली, उन्हात मात्र बरीच सावरली. पहिल्या उड्डाणाला ऊन का हवे, ते इथे कळते. आणि ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी 2004 साली दाखवले की त्याच जागेवरून वारंवार सोडलेले कबुतर स्वतःची एक वाट ठरवून घेते आणि तीच धरून येते.

त्याच ऑक्सफर्डमधला 2017 सालचा प्रयोग मला सर्वांत आवडतो. सरावलेल्या पक्ष्याबरोबर एक नवखा सोडला. पुढे जुना काढून दुसरा नवखा घातला, असे पिढ्यांमागून पिढ्या. वाट हळूहळू अधिक सरळ होत गेली. नवख्याला काही येत नाही म्हणून तो नुसता मागून येतो असे नव्हे, त्याच्यामुळे जोडीची वाट सुधारते!

हे सगळे माहीत असूनही घाई का होते? पैसा. बेल्जियममधली न्यू किम नावाची कबुतरी 2020 साली 16 लाख युरोंना विकली गेली. ‘वन लॉफ्ट’ शर्यतींत देशोदेशींची पिल्ले एकाच ढाबळीत वाढवतात आणि वर्षाच्या आत पाचेकशे किलोमीटरवरून सोडतात. मग सरावात पाखरे गळाली की उत्तर तयार असते: जी परतली तीच खरी, बाकीची कमअस्सल होती.

हा युक्तिवाद मला पटत नाही. वर्गात आयुष्य घालवलेल्या माणसाला तो फार ओळखीचा आहे. पहिल्या उड्डाणात पिल्लू हरवते ते ससाण्यामुळे, विजेच्या तारेमुळे, अचानक आलेल्या ढगांमुळे, दुसऱ्याच थव्यामागे गेल्यामुळे, किंवा घर पक्के होण्याआधीच टोपलीत घातल्यामुळे. यांतली शेवटची दोन-तीन कारणे पाळणाऱ्याच्या हातातली आहेत. त्याची घाई पिल्लाच्या रक्तावर ढकलायची आणि त्याला निवड म्हणायचे, हे बरोबर नाही. मुरलेल्या पक्ष्यांचाही भरवसा नसतो. 1997 च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या नांत येथून इंग्लंडकडे सुमारे 60 हजार कबुतरे सोडली होती, त्यांतली हजारो परतलीच नाहीत. ती सगळी काय कमअस्सल होती?

आपल्याकडे याच पक्ष्याचा शर्यतीविना उपयोग झालेला आहे. ओडिशा पोलिसांनी 1946 साली लष्कराकडून मिळालेल्या कबुतरांवर संदेशसेवा उभी केली आणि 1982 च्या पुरात तिने निरोप पोचवले. तिथे पहिले कोण आले याला महत्त्व नव्हते. पक्षी आला पाहिजे, एवढेच होते.

छंद बंद करा, असे मी म्हणत नाही. मागणे साधे आहे. निकालपत्रात विजेत्याचा वेग दर मिनिटाला इतके मीटर असा छापतात. त्याच कागदावर आणखी दोन आकडे छापावेत: सरावाला पिल्ले किती सोडली आणि किती घरी आली. ज्याची सगळी पिल्ले परतली, त्याचेही नाव वर यावे, त्याचे कबुतर शर्यतीत चाळिसावे आले तरी. असो. शिकवणाऱ्याची परीक्षा त्या दुसऱ्या आकड्यात असते, असे माझे मत आहे.