वारसा कोणाचा?

पुण्यात विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात जुन्या सायकली निगुतीने जपल्या आहेत. हा छंद स्तुत्यच आहे. आक्षेप आहे तो समाजाच्या दुटप्पी दृष्टीवर. हौसेने चालविलेली जुनी सायकल ‘वारसा’ ठरते. जालन्यातील पोलाद कारखान्याच्या पाळीवर निघालेल्या कामगाराची तीच सायकल मात्र दारिद्र्याची खूण! साहिबाबादच्या ॲटलस कारखान्यातील कामगारांना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकलदिनी, ‘ले-ऑफ’ची नोटीस मिळाली, तेव्हा वारशाचे किती भक्त हळहळले? २०२३ साली महानगरपालिका झालेल्या जालन्याने रस्ते आखताना या श्रमिक स्वाराला प्रथम सुरक्षित वाट द्यावी. कार्यकर्त्यांनी ही मागणी लावून धरली पाहिजे. सायकल जपायची आणि स्वाराला वाऱ्यावर सोडायचे, हे वारसाजतन नव्हे.