उंट राहू द्या, बोडीवर चला

'प्राण्यांचं अनुकूलन' म्हटलं की काय आठवतं? वाळवंटातला उंट. मग ध्रुवीय अस्वल. आपण तलावांच्या जिल्ह्यातली पोरं; कमळाच्या पानावरून टुकटुक चालणारा कमळपक्षी गावच्या बोडीवर असतो, पण शाळेत त्याचं नाव कोणी काढलं होतं का?

2024 पासून शाळांत 'आनंददायी शनिवार' सुरू झालाय. पहिली ते आठवीच्या पोट्ट्यांनी त्या दिवशी करून बघत शिकायचं. त्यातला एक शनिवार बोडीसाठी मागून घ्या आणि तो घ्यायला तुम्ही जा. होय, तुम्हीच. बी.एस्सी.वालेच हवेत असं काही नाही.

खर्च जवळपास शून्य. घमेल्यात ओला चिखल घ्या. मातीचा एक गोळा दोन सरळ काड्यांवर उभा करा. तेवढाच दुसरा गोळा घ्या, पण त्याच्या काड्यांच्या टोकांना बारीक काड्या बोटांसारख्या पसरून बांधा. पहिला रुततो, दुसरा टिकतो. वजन पसरलं ना! कमळपक्ष्याच्या लांब बोटांचं गणित पोरांना तिथेच कळतं.

गडबड पुढे होते. पोरं म्हणतात, "पानावर चालायचं होतं म्हणून त्यानं बोटं वाढवली." आपणही हसून पुढे जातो. इथे थांबायला हवं. चिखलात चणे खोल पुरा, अर्ध्या पोरांना आखूड काड्यांचा चिमटा द्या, अर्ध्यांना लांब. ही पाणलाव्याची चोच. दर फेरीत ज्यांना सगळ्यात कमी चणे मिळाले ते बाद. त्यांच्या जागी येणाऱ्या भिडूला जिंकलेल्यांसारखाच चिमटा. चारेक फेऱ्यांनी बहुतेक चिमटे लांबच उरतात. काडी एकाचीही वाढली नाही. आखूडवाले कमी होत गेले. एकच फेरी खेळून टाळ्या वाजवल्या तर हे दिसतच नाही, आणि बहुतेक उपक्रम एका फेरीतच आटोपतात.

मग पोरांना काठावर न्या (काठावरच, पाण्यात नाही). कमळं कुठे आहेत, बेशरम कुठे माजलीय, ते दाखवा. गोंदिया-भंडाऱ्यात ढिवर समाजाच्या बायांनी काही तलावांतली बेशरम उपटून पाणवनस्पती लावल्या आहेत. जमलं तर त्यांच्यापैकी एखाद्या मावशीलाच बोलवा, आपल्यापेक्षा चांगलं सांगतील. आणि पोरांना एक प्रश्न विचारा: पानंच गेली, तर त्या लांब बोटांचं काय?