हक्क आहे, वकील हवा
मे २०२२मध्ये पावणे येथील रासायनिक कारखान्यास लागलेल्या आगीत कामगार मृत्युमुखी पडले. तेव्हा लागू असलेल्या १९२३च्या कायद्यानुसार भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागे. अशा कामगाराच्या दूर गावी राहणाऱ्या पत्नीला ही मुदत कोण सांगणार?

वास्तविक १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ने स्त्रिया, औद्योगिक कामगार व औद्योगिक आपत्तिग्रस्त यांना मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. त्यांना उत्पन्नाची अटही नाही. पण कंत्राटी कामगाराचा कोर्टाच्या एका फेरीत रोज बुडतो. तो बिचारा जाणार कसा?

म्हणून आमच्या धर्मग्रामांतील वकील बंधुभगिनींना आमची विनंती आहे: जिल्हा प्राधिकरणाकडे विनामूल्य सेवेसाठी नाव नोंदवावे आणि महिन्यातून एक रविवार पावण्याच्या कामगारवस्तीत बसावे. हजेरीकार्ड जपून ठेवा, एवढे सांगणारा जाणकारही तेथे हवा आहे.