मांडलिकाचे सिंहासन

राज्यकर्ता परदेशी नसला म्हणजे राज्य स्वतंत्र झाले, ही समजूत जितकी जुनी तितकीच घातक आहे. निजामाचे राज्य इंग्रजांचे नव्हते, ते स्वतंत्र देशी राज्य होते, मग १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला तो कोणापासून, असा प्रश्न काही सुशिक्षित मंडळी आता विचारू लागली आहेत. त्यांनी क्षणभर आपली दृष्टी चीनकडे वळवावी, अशी आमची विनंती आहे.

वांग जिंगवेई हा कोणी भाडोत्री गुंड नव्हता. मांचू राजप्रतिनिधीच्या वधाचा प्रयत्न करून १९१० मध्ये तो तुरुंगात गेला होता, व सन यत्-सेन यांचा तो निकटचा सहकारी होता. असा हा पुरुष ३० मार्च १९४० रोजी नानकिंग येथे जपान्यांच्या छत्राखाली ‘राष्ट्रीय सरकार’ थाटून बसला. त्याच नगरीत जपानी सैन्याने अवघ्या सव्वादोन वर्षांपूर्वी निःशस्त्र नागरिकांची भयंकर कत्तल केली होती! या सरकारला ध्वज होता, बँक होती, फौजही होती. १९४३ च्या जानेवारीत त्याने इंग्लंड-अमेरिकेविरुद्ध युद्धही पुकारले. कोणी म्हणेल की, प्रजेचे हाल कमी व्हावेत म्हणूनच त्याने हे केले, आणि शांघायमधील परकीयांची वसाहत त्याच वर्षी चीनला परत मिळाली. परंतु ज्या वाड्याच्या दारावर दुसऱ्याचा पहारा आहे, त्याच्या किल्ल्या हाती येऊन उपयोग काय?

सरकार खरे की बाहुले, हे ओळखण्यास तीन प्रश्न पुरेत. फौज कोणाच्या हुकमात आहे? तह व युद्ध कोणाच्या इच्छेने होते? आणि तिजोरी कोणासाठी रिकामी होते?

हेच प्रश्न केजच्या रहिवाशाने आपल्या शेजारी उभे राहून विचारावेत. जवळच्या अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेस, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा! त्याच फौजेच्या थकलेल्या खर्चापायी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला. कंपनीस विचारल्यावाचून परराज्यांशी बोलणी करण्याचा हक्क तर १८०० च्या तहानेच गेला होता. पहिल्या महायुद्धातील साहाय्याबद्दल १९१८ मध्ये निजामास ब्रिटिश सरकारचा ‘विश्वासू दोस्त’ ही पदवी मिळाली. १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात लढलेल्या एका विमानपथकास त्याच्या देणगीमुळे हैदराबादचे नाव होते. प्रजेने मात्र १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस काढली, तेव्हा तिच्यावर बंदी आली. धन्याला विमाने आणि प्रजेला बंदी, हेच का ते स्वातंत्र्य?

आसफजाही घराणे इंग्रजी सत्तेच्या आधीचे आणि वांगचे सरकार जपान्यांनी उभे केलेले, हा भेद खरा आहे; तो आम्ही नाकारीत नाही. परंतु उगम स्वतंत्र असला म्हणून प्रवाह अखेरपर्यंत स्वतंत्र राहतो, असे नाही. हा वाद धर्माचाही नव्हे. इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर बसविलेल्या प्रतापसिंह छत्रपतींना त्याच इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत केले. त्या गादीलाही हाच न्याय लागू आहे. तसेच १९४८ च्या कारवाईनंतर निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर जे अत्याचार झाले, त्यांचे समर्थन मुक्ती या शब्दाने होत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे.

वांग १९४४ मध्ये जपानातच नागोया येथे मरण पावला आणि पुढच्या वर्षी जपान हरताच त्याचे सरकारही संपले. हैदराबादचा पाठीराखा १९४७ मध्ये निघून गेला, आणि पुढे तेरा महिन्यांत ते सिंहासनही डळमळून पडले. जे राज्य प्रजेच्या संमतीवर उभे नसते, त्याला दुसऱ्याचा खांदा लागतो. आणि खांदा देणारा एक ना एक दिवस आपल्या घरी निघून जातोच.