बाबागाडीचं ओझं उचलणार कोण?

बाबागाडी घ्यायला निघालेली माणसं दुकानात ती ढकलून पाहतात. गुळगुळीत फरशीवर कुठलीही गाडी छानच चालते, त्यामुळे निवड रंगावर, गादीच्या कापडावर, बाटली ठेवायच्या कप्प्यावर आणि शेवटी किमतीवर येऊन ठरते. घरी आणल्यावर मात्र पहिलं काम असतं ती जिन्यावरून खाली नेण्याचं. मग सोसायटीच्या फाटकाबाहेर फुटपाथवर चढवा, पुढे विजेच्या डब्यानं वाट अडवली की खाली उतरवा, रिक्षात घाला, स्टेशनच्या पुलावर न्या. आपल्या शहरांत बाबागाडी ढकलण्याइतकीच उचलावीही लागते आणि माणूस दमतो तो उचलूनच. म्हणून रोजच्या वापराला एक मोठी आणि प्रवासाला दुसरी छोटी, असा दोन गाड्यांचा सल्ला मला पटत नाही. मूल नीट बसायला लागलं की सहा-सात किलोंची, एका हातानं मिटणारी छोटी गाडी हीच घरातली एकमेव गाडी असावी, आणि जो ती उचलणार आहे त्याच्या अंगातल्या बळावरून ती निवडावी.

मिटणाऱ्या बाबागाडीचा जन्मच या अडचणीतून झाला आहे. ओवेन मॅकलरेन हे ब्रिटिश विमान अभियंते. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलं होतं. परदेशातून नातीला घेऊन आलेल्या लेकीची जडशीळ गाडीपायी होणारी ओढाताण त्यांनी पाहिली आणि १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. तिचं वजन तीन किलोंच्याही आत होतं. तिथून पुढच्या मोठ्या बदलाला जवळपास अर्धं शतक लागलं. २०१२ मध्ये फ्रान्सच्या बेबीझेन कंपनीची योयो बाजारात आली. ती लांबट काठीसारखी मिटत नसे, तिची घडी चौकोनी पिशवीएवढी व्हायची: साधारण ५२ × ४४ × १८ सेंमी, वजन सहा किलोंच्या आसपास. आज आपल्याकडे पाच-दहा हजारांत मिळणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्या याच वळणाच्या आहेत. पण घडी जितकी लहान तितकी गाडी चांगली, असं मात्र नाही. २०१४ मध्ये सर्वांत लहान घडीसाठी गिनीज बुकात नाव मिळवलेली पॉकिट ३० × १८ × ३५ सेंमीत मावायची, पण तिची पाठ मागे कलत नसे. आपल्याकडच्या दुपारी बाहेर पडलेलं मूल वाटेत झोपणारच, आणि बसल्याजागी मान टाकून झोपलेल्या मुलाला अखेर कडेवरच घ्यावं लागतं.

वजनाचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार मुलग्याचं मध्यम वजन वर्षाला ९.६, दोन वर्षांना १२.२ आणि तीन वर्षांना १४.३ किलो असतं. मुलींचं थोडं कमी. दोन वर्षांचं मूल आणि बारा किलोंची मोठी गाडी मिळून चोवीस किलो होतात, छोटी गाडी असेल तर अठरा-एकोणीस. लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतीत हा फरक रोज अंगावर येतो. शिवाय चोवीस किलो एका खेपेत जातच नाहीत, आणि दोन खेपा करायच्या तर मुलाला एकटं कुठे ठेवणार? छोटी गाडी मिटून पट्ट्यानं खांद्याला अडकवता येते, मूल कडेवर घेता येतं आणि उरलेला हात कठड्यावर ठेवता येतो. हा मोकळा हातच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मूल बसलेलं असताना गाडी उचलून जिना उतरणं धोक्याचं आहे. तरीही ते सर्रास केलं जातं, कारण गाडी मिटायला दोन हात लागतात आणि मूल खाली ठेवायला जागा नसते. आपल्या घरांत हे काम करणारी व्यक्ती बहुधा पस्तिशीतला बाबा नसतो. आई-बाबा कामावर गेलेले असतात आणि संध्याकाळी मुलाला बागेत नेते ती साठीतली आजी, गुडघे धरलेले आजोबा किंवा सांभाळणाऱ्या मावशी.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप चाकांचा आहे. आपले रस्ते खराब, छोटी चाकं खड्ड्यात अडकणार, म्हणून मोठ्या चाकांचीच गाडी हवी, असं दुकानदारही सांगतात. त्यात तथ्य आहे. छोट्या गाडीचं चाक साधारण १४ सेंमी व्यासाचं असतं. वर आलेल्या पेव्हर ब्लॉकची दोन सेंटिमीटरची कड समोरून चढायची तर त्या चाकावर जेवढा भार आहे, जवळपास तेवढाच जोर लावावा लागतो. ३० सेंमीच्या चाकाला त्याच्या साठ टक्के पुरतो. सुटी खडी, वाळू, उखडलेलं डांबर यांवर मोठं चाक निर्विवाद सरस ठरतं. पण आपल्या वाटेवरचा खरा अडथळा दोन सेंटिमीटरचा नसतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी मार्गदर्शिकेप्रमाणे फुटपाथची कड १५ सेंमीपेक्षा उंच नसावी. प्रत्यक्षात ती अनेक ठिकाणी याहून उंच दिसते. १५ सेंमीची कड म्हणजे ३० सेंमीच्या चाकाची बरोब्बर निम्मी उंची, आणि तिथे नुसतं पुढे ढकलून कुठलंच चाक चढत नाही. दांडा दाबून पुढची चाकं वर घ्यावी लागतात आणि मागची उचलावी लागतात. म्हणजे जिथे सर्वाधिक कष्ट पडतात तिथे मोठी गाडीही उचलावीच लागते, आणि उचलताना तिचं मोठेपण उलट जड जातं. याच कारणासाठी छोट्या गाडीचा दांडा सलग हवा. दोन सुट्या मुठी असल्या की एका हातानं ढकलणंही जमत नाही आणि चाकं वर घेण्यासाठी दाबणंही. गावात शेताकडेच्या वाटेवर किंवा कच्च्या रस्त्यावर रोज न्यायची असेल, तर मात्र मोठ्या चाकांचीच घ्यावी. माझा मुद्दा शहरापुरता आहे.

प्रवासाच्या बाबतीत ‘विमानात हातसामान म्हणून चालते’ हे जाहिरातीतलं वाक्य नको तेवढं भाव खाऊन जातं. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचं मार्गदर्शक माप ५६ × ४५ × २५ सेंमी आहे आणि ५२ × ४४ × १८ ची घडी त्यात बसते. पण देशातल्या कंपन्यांची मर्यादा बहुतांशी ५५ × ३५ × २५ सेंमी आणि ७ किलोंच्या घरात असते. ४४ सेंमीची बाजू ३५ मध्ये बसवायची कशी? काउंटरवरची व्यक्ती हो म्हणाली तर बसली, एरवी नाही. त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही, कारण बहुतेक कंपन्या मुलाची गाडी मोफत घेतात आणि बोर्डिंगच्या दारापर्यंत ती वापरूही देतात. उतरल्यावर ती कधी विमानाच्या दारात मिळते, कधी सामानाच्या पट्ट्यावर येते, म्हणून जाड पिशवी सोबत असावी. आपल्या माणसांचा जास्तीचा प्रवास शिवाय जमिनीवरून होतो. रेल्वेत खालच्या बर्थखाली घडी आडवी सरकते का, रिक्षात पायांशी राहते का, हे पाहावं. सीएनजीची टाकी बसवलेल्या गाडीच्या डिकीत उरलेल्या फटीत ती जाते का, हेही महत्त्वाचं. लंडन-पॅरिसला लेकाकडे निघालेल्या आजी-आजोबांनाही हेच लागू आहे: लंडनच्या भुयारी रेल्वेच्या जेमतेम एक तृतीयांश स्थानकांवर पायऱ्या न चढता जाता येतं, आणि पॅरिसची जुनी मेट्रो तर जिन्यांनीच भरलेली आहे.

हलकेपणाच्या नादात काही गोष्टी सोडून चालणार नाही. मान धरायच्या आधी बाळाला जवळजवळ सपाट झोपवावं लागतं. युरोपच्या ईएन १८८८ या मानकानुसार जन्मापासून वापरायच्या गाडीत पाठ आणि बैठक यांत किमान १५० अंशांचा कोन हवा. स्वस्त छोट्या गाड्यांपैकी अनेकींत तो नसतो, म्हणून पहिले सहा महिने गाडीचा हट्टच धरू नये. खांदे, कंबर आणि मांड्यांमधून बांधणारा पाच टोकांचा पट्टा हवाच. नुसत्या कमरेच्या पट्ट्यातून मूल सरकतं. पाठीमागे जड पिशवी टांगली आणि मूल उचललं की हलकी गाडी मागे कलंडते, तेव्हा सामान खालच्या जाळीत ठेवावं. बिजागरीकडेही डोळे उघडे ठेवून पाहायला हवं. नोव्हेंबर २००९ मध्ये मॅकलरेनच्याच सुमारे दहा लाख गाड्यांसाठी अमेरिकेत बिजागरी झाकायची आवरणं द्यावी लागली, कारण गाडी उघडताना मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या १२ घटना नोंदल्या गेल्या होत्या. झटकन मिटणाऱ्या गाडीत सांधे जास्त असतात, तेव्हा उघडताना-मिटताना मूल हाताच्या अंतरावर नको.

ऊन आणि धूर हे दोन मुद्दे आपल्याकडे फारसे बोललेच जात नाहीत. ऊन लागू नये म्हणून गाडीवर दुपट्टा किंवा ओढणी टाकायची पद्धत आहे. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की कोरड्या कापडानं आतलं तापमान वाढतं. कापड ओलं केलं तर ते पाच अंशांच्या आसपास उतरतं. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात ओलं मलमल चांगलं काम करेल, मुंबईच्या दमट हवेत कमी. म्हणून पुढे गुडघ्यापर्यंत ओढता येणारं छत आणि मागे हवा जायला जाळी, यांवर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. धुराचं म्हणाल तर सरे विद्यापीठातल्या प्रशांत कुमार यांच्या गटानं २०१८ मध्ये मांडलं, की बाबागाडीतल्या मुलाच्या वाट्याला मोठ्यांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषित हवा येऊ शकते. जमिनीपासून ५५ ते ८५ सेंमीवर मुलाचं नाक असतं आणि वाहनांची धुराडीही त्याच पातळीला. छोट्या गाड्यांची बैठक खाली असते, हा त्यांचा खरा तोटा आहे. दोन गाड्यांत वजन सारखं असेल तर उंच बैठकीची घ्यावी आणि सिग्नलपाशी मुलाला वाहनांच्या रांगेपासून दूर, फुटपाथच्या आतल्या बाजूला उभं करावं.

हे सगळं कशाला, आमची मुलं कडेवरच वाढली, असं म्हणणारेही आहेत. कडेवर घेण्याला, झोळीला, कापडी कांगारू पिशवीला माझा विरोध नाही. वेरूळची लेणी किंवा रायगड पाहायला गाडी नेऊच नये, तिथे पिशवीच बरी. गर्दीच्या लोकलमध्येही तसंच. पण बारा-चौदा किलोंचं मूल तासभर अंगावर वागवणं हे पासष्टीच्या माणसाच्या पाठीकडून मागू नये. आजी बागेत जायचं टाळते ते आळसानं नव्हे, आणि ती टाळते तेव्हा मूलही घरात टीव्हीपुढे राहतं.

राहिला प्रश्न फुटपाथचा. वस्तू बदलण्यापेक्षा रस्ते सुधारा, हे म्हणणं बरोबरच आहे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये वापरण्याजोगे फुटपाथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. पुणे महापालिकेनं तर २०१६ मध्येच पादचारी धोरण स्वीकारलं होतं. चालायला १.८ मीटर मोकळी रुंदी आणि कडेला उतार एवढं जरी प्रत्येक रस्त्यावर झालं, तरी बाबागाडीइतकाच चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचाही रस्ता मोकळा होईल, आणि त्यासाठी प्रभागातल्या नगरसेवकाकडे आग्रह धरलाच पाहिजे. पण मूल तीन वर्षांत गाडीतून उतरणार आहे, आणि त्याआधी आपल्या गल्लीतली कड उतरेल याची हमी कोणी देत नाही. तोवर गाडी ऑनलाइन मागवू नये. ती रोज वापरणाऱ्या आजीला किंवा मावशींना दुकानात घेऊन जावं. नातू कडेवर असतानाच त्यांना एका हातानं ती मिटू द्यावी, खांद्याला अडकवून दुकानाच्या जिन्याच्या दहा पायऱ्या चढू-उतरू द्यावी, आणि त्यांनी नको म्हटलं तर ती गाडी घेऊ नये.