मोजपट्टी कोणाच्या हाती?

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखही नाही. जे अधिकार संघराज्याला दिलेले नाहीत ते राज्यांकडे अथवा जनतेकडे राहतील, असे दहावी घटनादुरुस्ती सांगते. त्यामुळे शाळा हा तेथे राज्यांचा, किंबहुना गावोगावच्या शाळा मंडळांचा विषय ठरतो. शालेय खर्चात वॉशिंग्टनचा वाटा साधारणतः दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तरीही गेली साठ वर्षे अमेरिकी काँग्रेसमध्ये या विषयावर हमरीतुमरी चालू आहे. केंद्रीय शिक्षण खाते गुंडाळण्याच्या दिशेने पावले टाकण्याचा आदेश अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २० मार्च २०२५ रोजी काढला, तेव्हा तिला नवे टोक आले. हा वाद बहुधा ‘केंद्र विरुद्ध राज्ये’ असा मांडला जातो. ही मांडणी सोयीची असली तरी तीत मूळ प्रश्न झाकला जातो. गरिबाघरचे मूल शाळेत खरोखर काय शिकले हे मोजायचे कोणी, आणि ते उघड करण्यास शाळेला भाग पाडायचे कोणी, हा तो प्रश्न होय.

१९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायदा संमत करून घेतला. तरुणपणी त्यांनी टेक्सासमधील कोटुला या गावी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकविले होते. या कायद्याने गरीब विद्यार्थ्यांच्या शाळांना केंद्राचा पैसा मिळू लागला, आणि पैशामागोमाग अटीही आल्या. केंद्रपुरस्कृत योजनांच्या फायली हाताळणाऱ्या आपल्याकडील अधिकाऱ्यांना ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही. रक्कम लहान असते, पण ती नाकारणे राज्याला परवडत नाही. तिची निकड का होती, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकी शाळांचा मोठा आधार स्थानिक मालमत्ता कर असतो. साहजिकच श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब. या विषमतेविरुद्ध टेक्सासमधील पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. परंतु शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे, असा निर्णय १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी लागला.

जिमी कार्टर यांच्या कारकिर्दीत, १९७९ मध्ये, स्वतंत्र शिक्षण खात्याचा कायदा झाला. ते रद्द करण्याचे आश्वासन देऊनच रोनाल्ड रेगन सत्तेवर आले. गंमत अशी की, त्यांच्याच शिक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या आयोगाने १९८३ मध्ये शाळांच्या घसरणीचे असे काही चित्र रंगविले की शिक्षण हा राष्ट्रीय चिंतेचा विषय बनला आणि खाते वाचले.

पुढच्या टप्प्यावर मात्र दोन्ही पक्ष एकत्र आले. ‘कोणतेही मूल मागे राहू नये’ या नावाचा कायदा प्रतिनिधिगृहात ३८१ विरुद्ध ४१ आणि सेनेटमध्ये ८७ विरुद्ध १० मतांनी संमत झाला. जॉर्ज बुश (धाकटे) यांनी जानेवारी २००२ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली. एडवर्ड केनेडी आणि जॉन बेनर हे दोन टोकांचे नेते त्याच्या शिल्पकारांत होते. तिसरी ते आठवी दरवर्षी आणि माध्यमिक स्तरावर एकदा वाचन व गणिताची चाचणी सक्तीची झाली. त्याहून महत्त्वाची अट अशी की, निकाल कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, गरीब, अपंग, इंग्रजी नव्याने शिकणारी अशा गटांनुसार वेगवेगळे जाहीर करायचे. शाळेची सरासरी चांगली म्हणून मागच्या बाकावरच्या मुलांना झाकून ठेवण्याची सोय त्यामुळे संपली. या कायद्याची इतर कलमे कितीही सदोष असोत, एवढे एक कलम इतिहासात टिकावे.

दोष होतेच. २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले प्रवीण झाली पाहिजेत, असे लक्ष्य कायद्यातच लिहिलेले होते. शंभर टक्क्यांची लक्ष्ये कागदावर कशी गाठली जातात, हे सरकारी कार्यालयात उमेदवारी केलेल्या कोणालाही ठाऊक असते. प्रावीण्याची पातळी ठरविण्याचा अधिकार राज्यांकडेच असल्याने काहींनी ती सरळ खाली आणली. शाळांत वाचन-गणिताचा घोटा वाढला. इतिहास, विज्ञान, कला यांचे तास आटले. अटलांटात तर शिक्षकांनीच उत्तरपत्रिका दुरुस्त केल्या. २०११ च्या राज्य चौकशीत ४४ शाळांतील १७८ शिक्षक व अधिकाऱ्यांवर ठपका आला. एकेकाळी या कायद्याच्या समर्थक असलेल्या इतिहासकार डायान रॅविच पुढे त्याच्या कडव्या टीकाकार झाल्या.

बराक ओबामा यांनी २००९ मध्ये ४३५ कोटी डॉलरचा निधी राज्यांपुढे स्पर्धेसाठी ठेवला आणि शिक्षकांचे मूल्यमापन व समान अभ्यासनिकष यांचा आग्रह धरला. परिणामी डावीकडच्या शिक्षक संघटना आणि उजवीकडचे राज्यवादी एकाच वेळी बिथरले. २०१५ चा नवा कायदा सेनेटमध्ये ८५ विरुद्ध १२ मतांनी झाला, तो या दुहेरी रोषातून. चाचण्या व गटवार आकडे राहिले. नापास शाळेचे काय करायचे, हे मात्र बहुतांशी राज्यांवर सोपविण्यात आले.

निकालांचे चित्र उत्साहवर्धक नाही. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीची सुमारे एक तृतीयांश मुले वाचनाच्या प्राथमिक पातळीच्याही खाली होती. या चाचणीच्या इतिहासात असे प्रमाण कधी नव्हते. तळाच्या मुलांची घसरण कोविडच्या आधीच सुरू झाली होती. याउलट, मिसिसिपीसारख्या गरीब राज्याने २०१३ पासून अक्षर-ध्वनींवर आधारलेले वाचनशिक्षण, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि तिसरीत वाचता न येणाऱ्यांना पुढे न ढकलण्याचा नियम यांची सांगड घातली. चौथीच्या वाचनात ते राज्य तळातून वर येऊन २०२४ मध्ये पहिल्या दहांत पोहोचले. राज्यांच्या स्वायत्ततेचे समर्थक हे उदाहरण अभिमानाने देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु मिसिसिपीचे यश जगाला पटले ते तिच्या स्वतःच्या दाखल्यावरून नव्हे, तर सर्व राज्यांना लागू असलेल्या राष्ट्रीय चाचणीवरून.

नेमक्या त्याच ठिकाणी २०२५ मध्ये कुऱ्हाड पडली. शिक्षण खात्याचे मनुष्यबळ जवळपास निम्मे करण्याचा निर्णय मार्चमध्ये झाला आणि त्यात शैक्षणिक सांख्यिकी केंद्र जवळजवळ रिकामे झाले. १४ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कपातीवरील स्थगिती उठविली. नोव्हेंबरमध्ये गरीब शाळांच्या अनुदानाचा कारभार कामगार खात्याकडे सोपविण्याचे करार झाले. खाते कायमचे रद्द करायचे तर काँग्रेसचा कायदा लागेल आणि त्यासाठी सेनेटमध्ये व्यवहारतः ६० मते हवीत. २०२५ मध्ये रिपब्लिकनांकडे ५३ होती. म्हणून कायदा तसाच ठेवून तो राबविणारे हात काढून घेण्याचा मार्ग निवडला गेला. संसदीय व्यवहार जवळून पाहणाऱ्यांना ही युक्ती अपरिचित नाही.

चौथी व आठवीच्या वाचन-गणिताची राष्ट्रीय चाचणी दर दोन वर्षांनी घेणे कायद्याने बंधनकारक आहे. इतर विषयांना हे संरक्षण नाही, आणि त्यांच्या अनेक नियोजित चाचण्या एप्रिल २०२५ मध्येच वेळापत्रकातून वगळण्यात आल्या.