घट, कुलाल आणि वीज

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसें वादळ झालें. पुतण्याच्या मुलानें पदविका मिळवून सिरॅमिकच्या कारखान्यांत काम धरण्याचा बेत सांगितला. त्याच्या आजी, म्हणजे आमच्या वहिनी, कष्टी होऊन म्हणाल्या, "भाऊजी, इतकें शिकून पोरानें मडकींच भाजायचीं का?" मीं मौन धरलें. तें मौन मनाला लागून राहिलें, म्हणून हा मजकूर.

वाटूरच्या शिवारांत पंप चालतात ती वीज उपकेंद्रांतून येते. तारेवर फांदी पडली, तर ११ किंवा ३३ हजार व्होल्टचा प्रवाह तेथें क्षणार्धांत तोडावा लागतो. पूर्वीं हें काम तेलाच्या टाकींत होई व कधीं तेंच तेल पेट घेई. आतां बहुधा तें निर्वात नळींत होतें. अशा नळ्या आपल्या छत्रपति संभाजीनगरांत, पूर्वीं क्रॉम्प्टन ग्रीव्हज म्हणविणाऱ्या सी. जी. पॉवर कंपनीच्या कारखान्यांत, बनत आल्या आहेत.

नळीची काया ॲल्युमिनाची असते. हा ॲल्युमिना म्हणजे संस्कृतांतील कुरुविंदच. माणिक व नीलम हीं त्याचींच रूपें, आणि धार लावण्याचा कुरुंदही त्याच कुळांतला. त्याचें चूर्ण दाबून सुमारें १६०० अंश सेंटिग्रेडवर भाजतात. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतें. येथें मात्र पाझरणें हाच महादोष.

खरी कसोटी सांध्याची. तापल्यावर धातु अधिक फुगतो, कुरुविंद कमी. सहज जोडावें तर तडा जावयाचा. म्हणून नळीच्या कांठावर मोलिब्डेनम व मँगनीज यांचा लेप भाजून बसवितात, त्यावर निकेलचा मुलामा देतात, आणि मग सुमारें ७८० अंशांवर वितळणाऱ्या चांदी-तांब्याच्या मिश्रणानें धातूचें झांकण डाखतात. या विद्येचा पाया १९३० च्या दशकांत जर्मनींतील टेलिफुंकन कंपनींत घातला गेला.

आंत तांबें व क्रोमियम यांचे दोन स्पर्शक असतात. ११ हजार व्होल्टसाठीं ते जेमतेम एक सेंटिमीटर विलग होतात. त्यांच्यामधील ज्वाला धातूच्या वाफेवरच जगते. आपला प्रवाह सेकंदास १०० वेळां शून्यावर येतो. त्या शून्यक्षणीं वाफ विरते व ज्वाला पुन्हां पेटत नाहीं. सांधा गळून हवा आंत शिरली, तर सारें व्यर्थ. मग तुटलेल्या तारेजवळ उभ्या असलेल्या माणसाचें रक्षण कोणी करावें?

घट हें कार्य, मृत्तिका हें उपादानकारण, कुलाल हें निमित्तकारण, हा दृष्टांत मीं विद्यार्थ्यांकडून आयुष्यभर घोकून घेतला. परंतु कुंभाराच्या आव्यापाशीं एकदांही उभा राहिलों नाहीं. वहिनींच्या प्रश्नाला मीं गप्प बसलों, त्याचें मूळ येथेंच आहे.

अखेर हें सारें मीं वहिनींना समजावून सांगितलें. त्यांनीं एवढेंच विचारलें, "भट्टीपाशीं पोराला जपतील ना?" हा प्रश्न मात्र रास्त होता. घरांतील वडिलांनीं असेच प्रश्न विचारावे. कामाच्या कुळाचे विचारूं नयेत.

— एक निवृत्त शिक्षक, वाटूर